योग, योग्यता आणि स्मरण

'योग' हा शब्द आज घरोघरी पोहोचला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो शाळा, कचेऱ्या व मैदाने येथे पाळला जाऊ लागला. उपदेशी मंडळींच्या घरांतील मुलेबाळे आता आसने, प्राणायाम, सूर्यनमस्कार करतात. आश्रमांतील काही वृद्ध भिक्षुकही गुडघेदुखी, पाठदुखी अशा कारणांनी वैद्यांच्या सांगण्यावरून या अभ्यासाकडे वळले आहेत. त्यातून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. अनन्यभक्तीचे व्रत घेतलेल्या साधकाला योगाभ्यास चालतो काय? कोणी म्हणतात, हे सर्व अन्यसाधन आहे, म्हणून त्याज्य. कोणी म्हणतात, श्रीगीता हेच योगशास्त्र, तेव्हा योग म्हणून जे जे काही आहे ते सर्व आपलेच. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिले उत्तर देहाच्या व्यायामालाही देवताभक्तीच्या पंक्तीला बसविते. दुसरे उत्तर देवताफळालाच परमेश्वरप्राप्ती समजण्याची वाट मोकळी करून देते. दोहोंपैकी दुसऱ्यात धोका अधिक आहे, कारण त्यात साधकाचा संपूर्ण जन्म चुकीच्या दिशेने खर्ची पडू शकतो.

शब्दाचा विचार

संस्कृत धातुपाठात 'युज्' हा धातू वेगवेगळ्या अर्थांनी आला आहे. एका ठिकाणी त्याचा अर्थ समाधी, म्हणजे चित्ताची स्थिरता असा आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ जोडणे असा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्याने पहिला अर्थ स्वीकारला आहे. म्हणजे जे लोक 'योग म्हणजे जीव आणि शिव यांची जोडणी' असे पतंजलींच्या नावावर सांगतात, ते त्यांच्या शास्त्राला मान्य नसलेली गोष्ट त्यांच्या तोंडी घालतात. पातंजल शास्त्रात जोडणी नाही, उलट विलगता आहे. पुरुष प्रकृतीपासून वेगळा झाला, एकटा उरला, की तेच कैवल्य.

श्रीगीतेत मात्र हा शब्द फार व्यापक आहे. तिच्या अठराही अध्यायांच्या नावांच्या शेवटी 'योग' हे पद येते. अर्जुनाच्या विषादालाही तेथे योग म्हटले आहे. यावरून एवढे निश्चित होते की गीतेतील योग म्हणजे काही विशिष्ट आसन किंवा श्वासाची विशिष्ट कोंडी नव्हे. श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या सन्मुख जीवाला उभे करणारी प्रत्येक अवस्था, मग ती दुःखाची का असेना, योग या नावास पात्र ठरते.

याच धातूपासून 'योग्य' आणि 'योग्यता' हे शब्द निघाले. ब्रह्मविद्याशास्त्रात योग्यतेला मोठे स्थान आहे. जीवाने काय करावयाचे आणि परमेश्वराने काय द्यावयाचे, यांमधील सीमारेषा या एका शब्दाने आखली जाते. योग आणि योग्यता हे एका धातूचे दोन पुत्र आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे. पुढील सर्व विवेचन या भेदावरच उभे आहे.

पातंजल योगाची मांडणी

अन्यव्यावृत्ती करावयाची तर आधी अन्याचे म्हणणे यथार्थ जाणले पाहिजे. न जाणता केलेले खंडन ऐकणाऱ्याला पटत नाही आणि करणाऱ्यालाही उपयोगी पडत नाही.

योगसूत्रांचे समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य असे चार पाद असून सूत्रसंख्या १९५ धरली जाते. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधी ही योगाची आठ अंगे. यांपैकी ज्या आसनांना आज योग म्हटले जाते त्यांच्याविषयी पतंजलींनी अवघी तीन सूत्रे लिहिली आहेत. बैठक स्थिर असावी, सुखाची असावी, एवढेच त्यांचे सांगणे; एकाही आसनाचे नाव सूत्रांत नाही. नावे आणि वर्णने पुढे हठयोगाच्या ग्रंथांत आली. पंधराव्या शतकाच्या सुमारास झालेल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसने वर्णिली आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस. आजच्या वर्गांतून शिकविल्या जाणाऱ्या कितीतरी उभ्या आसनांचा या जुन्या ग्रंथांत पत्ता लागत नाही. ज्या बारा अवस्थांच्या क्रमाला आज सूर्यनमस्कार म्हणतात तोही या ग्रंथांत नाही. त्याचा आधुनिक प्रसार औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांनी आसन-प्राणायामाचे शरीरशास्त्रीय परीक्षण सुरू केले आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांची शिस्तबद्ध पद्धती घडवून ती जगभर नेली. या मंडळींचे कार्य आपल्या ठिकाणी मोठेच आहे. परंतु ते मुख्यत्वे देहाच्या आरोग्याला उपकारक झाले, आणि देह हा प्रपंच पदार्थातला, हे विसरता कामा नये.

पातंजल शास्त्रात ईश्वराचे स्थान काय, हाही विचार येथे आवश्यक आहे. क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष म्हणून तेथे ईश्वर मानला आहे, आणि त्याच्या ठायी प्रणिधान केल्याने समाधी साधते असे सांगितले आहे. भाष्यकारांनी तर त्याच्या अनुग्रहाचाही उल्लेख केला आहे. पण सूत्रात हे प्रणिधान 'अथवा' या शब्दाने आले आहे. अनेक उपायांपैकी तो एक उपाय. ज्याला तो रुचत नाही त्याने दुसरा घ्यावा, कोणत्याही आवडत्या वस्तूचे ध्यान करावे, अशी मुभा तेथे आहे. परमेश्वर हा पर्याय म्हणून आला, की तो साधन ठरतो आणि समाधी हे साध्य ठरते. ब्रह्मविद्येत हा क्रम नेमका उलटा आहे.

जीवाचे बंधन कोण सोडविणार?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ निरूपिले. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असला तरी मुक्त होण्यास पात्र आहे. देवता नित्यबद्ध आहेत. परमेश्वर एकटाच नित्यमुक्त आहे. जीवाला लागलेली अविद्या अनादी आहे. ती त्याने एखाद्या दिवशी अंगावर घेतलेली नाही की मनात येताच उतरवून ठेवावी. आता प्रश्न असा की, श्वास रोधून, इंद्रिये आवरून, चित्त निश्चल करून ही अविद्या जाईल काय?

ज्याचे हात पाठीमागे बांधले आहेत असा मनुष्य धडपड थांबवून शांत उभा राहू शकतो. धडपड थांबल्यामुळे दोर कमी काचतो, मनगटाची आग शमते, त्याला बरेही वाटते. पण दोर सुटत नाही. पाठीमागची गाठ त्याला दिसत नाही आणि त्याची बोटे तेथवर पोहोचत नाहीत. दुसरा बांधलेला मनुष्य जवळ आला तर तो फार तर सावलीत बसायला जागा देईल, गाठ सोडणार नाही; त्याचेही हात बांधलेलेच आहेत. गाठ सोडावयाला मोकळ्या हाताचाच कोणी यावा लागतो. चित्तनिरोधाने मिळणारी शांती ही त्या उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या शांतीसारखी आहे. ती खोटी नाही. मात्र ती मोक्ष नव्हे. आणि सावलीतली जागा म्हणजे देवताफळ.

कर्मभूमीच्या देवतांपासून अष्टौ देवयोनी, अंतराळ, स्वर्ग, सत्य-कैलास-वैकुंठ, क्षीराब्धी, अष्टभैरव, विश्व आणि चैतन्य अशी देवतांची नऊ थोवे शास्त्रात सांगितली आहेत. ज्याची जशी उपासना, जसा अभ्यास, तसे त्या त्या थोव्याचे फळ. योग्याचे फळही या व्यवस्थेबाहेर जात नाही. उंच असेल, दीर्घकाळ टिकणारे असेल, पण भोगून संपणारे. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत जात्यंध आणि हत्तीचा जो दृष्टांत आहे त्याची येथे आठवण होते. हात लावणाऱ्या आंधळ्याचा स्पर्श खरा असतो. पायाला हात लागला, तो पायच होता. पण पाय म्हणजे हत्ती, हा त्याचा निश्चय खोटा. योगी पुरुषाला आलेला शांतीचा, प्रकाशाचा, नादाचा अनुभव नाकारण्याचे कारण नाही. त्या अनुभवाला परमेश्वर हे नाव देण्याला मात्र आधार नाही.

मग जीवाच्या हाती काहीच नाही काय? येथेच योग्यतेचा विचार येतो. वऱ्हाडातला शेतकरी मृगाआधी शेताची नांगरट, वखरणी करतो. त्याच्या वखराने पाऊस पडत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. पण न वखरलेल्या रानावर पडलेला पाऊस वाहून जातो, मुरत नाही. साधकाचा आचार ही ती मशागत आहे. ज्ञान आणि प्रेम ही परमेश्वराच्या दानातली वस्तू, ती परमेश्वराच्या प्रवृत्तीनेच मिळते. योग म्हणतो, अभ्यासाने फळ मिळवीन. ब्रह्मविद्या म्हणते, अभ्यासाने फळ घेण्याजोगा होईन. दोन वाक्यांत अंतर थोडे दिसते, पण पहिल्या वाक्यात अहंकाराला घर मिळते आणि दुसऱ्यात मिळत नाही.

सिद्धीचा प्रश्न

विभूतीपादात नाना सिद्धी वर्णिल्या आहेत. त्यांतच दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करण्याची सिद्धी आहे. या ठिकाणी पंथाबाहेरचे अभ्यासक आणि कधी कधी पंथातील नवशिके यांचा एक गैरसमज होतो. श्रीचांगदेव राउळांनी कामाख्येच्या प्रसंगी द्वारावतीस देहत्याग केला आणि भडोच येथे प्रधान विशाळदेवाचा पुत्र हरपाळदेव याच्या निष्प्राण देहाचा स्वीकार झाला, ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. हे ऐकून कोणी म्हणतो, म्हणजे हा परकायाप्रवेशच की. दोहोंचे बाह्य रूप सारखे दिसत असले तरी ही तुलना मुळातच चुकते. परकायाप्रवेश करणारा योगी जीव असतो. तो कर्माने बांधलेला राहूनच एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि जाण्याची शक्ती त्याने कमावलेली असते. परमेश्वराचे अवतारधारण गर्भीचे, पतिताचे आणि दवडण्याचे असे तीन प्रकारांनी होते, असे शास्त्र सांगते. त्यांतील पतित देहाचा स्वीकार हा कमावलेल्या शक्तीचा प्रयोग नसून जीवोद्धारासाठी केलेली कृपा आहे. राजा गरिबाच्या झोपडीत शिरतो आणि भाडेकरूही झोपडीत शिरतो. दार एकच, पण शिरण्याचे कारण आणि अधिकार वेगळा.

तीच गोष्ट वयस्तंभिनी विद्येची. लीळाचरित्राच्या एकांकात स्वामींनी एका सिद्धाकडून ही विद्या स्वीकारल्याची लीळा आहे. नित्यमुक्त परमेश्वराला देहाचे वय थांबविण्याची विद्या कोणाकडून शिकण्याची काय गरज? देणाऱ्याने आयुष्य घालवून जे मिळविले, जे त्याला प्राणापलीकडे मोलाचे वाटत होते, ते त्याने स्वामींपुढे ठेवले. स्वामींनी ते घेतले. भक्ताने आणलेली भाजीभाकर स्वीकारावी तसे ते घेणे होते. या लीळेवरून 'स्वामींनीही योगविद्या साधली' असे अनुमान काढणाऱ्याने, अर्पण स्वीकारणारा अर्पणाचा भुकेला असतो, असे मानल्यासारखे होते.

स्वतः पतंजलींनीही सिद्धी या समाधीच्या आड येतात असे विभूतीपादातच सांगून ठेवले आहे. प्रामाणिक शास्त्रकार आपल्या मार्गातील खड्डा दाखवितो, तो असा. दुर्दैवाने त्यांचे नाव घेणारे पुष्कळ जण त्या खड्ड्याचीच जाहिरात करतात. अमुक दिवसांत कुंडलिनी जागृत करून देऊ, असे सांगणाऱ्यांच्या नादी उपदेशी मनुष्याने लागू नये. शक्तीची जागृती मागणे म्हणजे शक्तीकडेच मागणे होय; आणि अनुसरलेल्याने परमेश्वराव्यतिरिक्त कोणाकडे काय मागावे?

अष्टांगे आणि आचार

एवढे खंडन झाल्यावर साम्याचाही विचार केला पाहिजे, कारण तो खराच आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम आचार प्रकरणातील भिक्षुकाच्या जीवनापासून दूर नाहीत. किंबहुना अहिंसेच्या बाबतीत स्वामींची आज्ञा अधिक कडक आहे. नियमांतील संतोषाचे रूप भिक्षेत दिसते: जे पडेल ते, जसे पडेल तसे. आसनाची जागा विजनाने घेतली आहे. लोकवस्तीपासून दूर, अपरिचित प्रदेशी, एखाद्या झाडातळी बसून आयुष्य वेचावे, हा आचारातील आदेश प्रसिद्ध आहे. स्वामींनी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतात घालविली, तेथे त्यांनी काय केले याचा तपशील लीळाकारांनी योगाच्या परिभाषेत कोठेही दिलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाड्या, चक्रे, मुद्रा यांची नावे तेथे नाहीत. एकांत आहे, उदासीनता आहे.

श्रीगीतेचा सहावा अध्याय या दृष्टीने पुन्हा पाहावा. त्यात ४७ श्लोक आहेत. आसन फार उंच नसावे, फार सखल नसावे. आहार-विहार, झोप-जाग यांत बेताचेपण असावे. मन निसटेल तेथून त्याला परत आणावे, असे व्यवहार्य सांगणे तेथे येते. अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते कसे आवरावे. त्यावर भगवंतांनी ३५व्या श्लोकात अभ्यास आणि वैराग्य हे दोनच उपाय सांगितले. पतंजलींच्या समाधीपादातही हीच जोडी येते. येथवर दोन्ही वाटा शेजारून जातात. परंतु अध्यायाचा शेवट कोठे होतो? सर्व योग्यांमध्ये जो श्रद्धेने, अंतःकरण माझ्या ठायी ठेवून मला भजतो तोच अधिक युक्त, असा निर्वाळा ४७व्या श्लोकात मिळतो. एकंदर अध्याय आसनापासून निघतो आणि भजनाशी पोहोचतो. आसन सांगणारे श्लोक पाठ करून शेवटचा श्लोक विसरणे म्हणजे पंगतीत पाटावर बसून जेवण न घेताच उठणे.

स्मरणाची पद्धती

धारणा आणि ध्यान यांच्या जागी पंथात स्मरण आहे, आणि खरा भेद येथेच प्रत्ययास येतो. पातंजल धारणा म्हणजे चित्ताला एका ठिकाणी बांधणे. ते ठिकाण नाकाचे टोक असेल, हृदयकमळ असेल, दिव्याची ज्योत असेल. बांधणे महत्त्वाचे, खुंटी कोणतीही. स्मरणात खुंटीच महत्त्वाची आहे. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा ही स्मरणाची चार आलंबने, आणि चारही परमेश्वर अवताराची. येथे मूर्ती म्हणजे पाषाणाची प्रतिमा नव्हे, तर अवताराची श्रीमूर्ती: ते चालणे, ते पाहणे, ते बसणे.

असन्निधानी, म्हणजे परमेश्वर प्रत्यक्ष समोर नसताना साधकाने कसे असावे, याचा विचार असतिपरी प्रकरणात आहे. म्हाइंभटांनी लीळा गोळा करण्यासाठी केलेल्या खटपटीमागेही हीच तळमळ होती. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून, जेथे पाहिले ते स्थान विचारून, प्रत्येक प्रसंग त्यांनी नोंदविला. लीळाचरित्राला इतिहासकार मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानतात, ते योग्यच. साधकाच्या दृष्टीने मात्र तो स्मरणाचा सोबती आहे.

नामस्मरण सर्वांना परिचित आहे. लीळास्मरण कसे करावे याची रीत मात्र अलीकडे पुष्कळांना सांगावी लागते. उदाहरणार्थ, सशाच्या रक्षणाची लीळा घ्यावी. पारधी मागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. नुसते 'ससा वाचला' असे कथानक मनात आणणे म्हणजे स्मरण नव्हे. ते गोष्ट आठवणे झाले. आधी ते रान आणावे. मग स्वामींची बैठक आणावी. मग धापा टाकणारा तो जीव, त्याच्या अंगाचा थरकाप, मागून येणारी कुत्री, पारध्यांचा गलका. आणि या सर्वांमध्ये न हललेली ती श्रीमूर्ती. पारध्यांशी झालेला संवाद त्याच क्रमाने आणावा, स्वतःचे शब्द त्यात मिसळू नयेत. मन मध्येच घराकडे, शेताकडे, दुखण्याकडे गेले तर चिडू नये; जेथे धागा तुटला तेथून पुन्हा धरावा. थोड्या दिवसांच्या अभ्यासाने असे होते की साधक पाहणारा राहत नाही, त्या मांडीखालचा ससाच होतो. भयभीत, शरण, सुरक्षित. हा भाव नाकाच्या टोकाकडे पाहून उत्पन्न होत नाही.

चित्ताच्या स्थिरतेला स्थानाची मदत किती होते हे पूर्वजांना चांगले ठाऊक होते. स्थानपोथीत कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेस तोंड करून स्वामी बसले, याच्या बारीक नोंदी आहेत. परक्या वाचकाला त्या रुक्ष वाटतात. स्मरण करणाऱ्याला त्या रुक्ष वाटत नाहीत. पूर्वाभिमुख की पश्चिमाभिमुख, हे कळल्यावाचून मनात मूर्ती उभी राहत नाही.

देहाचे लाभ आणि काही सावधगिरी

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. आसन-प्राणायामाने देहाला लाभ होतात हे मान्य करण्यात संकोच बाळगू नये. सांधे मोकळे राहतात, पाठीचा कणा ताठ राहण्यास मदत होते, जुनाट कंबरदुखीत उतार पडतो. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडला असता हृदयाची गती मंदावते, मनाची तगमग कमी होते. रक्तदाबही काही अंशी उतरतो. परंतु त्यामुळे औषध बंद करणे हा वेडेपणा होय. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन यांच्या वाटेस जाऊ नये. हृद्रोग्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी भस्त्रिका, कपालभाती असे जोराचे प्रकार टाळावेत. ज्यांचे गुडघे झिजले आहेत अशा वृद्धांनी वज्रासनाचा हट्ट धरू नये. स्मरणासाठी भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसले तरी चालते, कारण मनाची बैठक मोडली नाही म्हणजे झाले. शिष्यांच्या दुखण्याखुपण्याची स्वामींनी आस्थेने विचारपूस केल्याच्या लीळा आहेत. देहाची हेळसांड हे वैराग्याचे लक्षण म्हणून तेथे कोठे गौरविलेले नाही.

परंतु आसन करणे वेगळे आणि आसनाबरोबर येणारी उपासना वेगळी. सूर्यनमस्कारात मित्रापासून भास्करापर्यंत सूर्याची बारा नावे उच्चारून प्रत्येक नावाला नमन केले जाते. हे उघड देवतानमन आहे. व्यायाम म्हणून त्या हालचाली करावयाच्या असतील तर त्या उपदेशी मनुष्याने मौनाने कराव्यात. शाळेत मुलांना करावे लागत असेल तर पालकांनी त्यांना हा भेद समजावून सांगावा. शिक्षकाशी भांडू नये. काही जण सुचवितात की त्या बारा नावांऐवजी पंचकृष्णांची नावे घ्यावीत. ही सूचना भक्तीची वाटली तरी उचित नाही. परमेश्वराचे नाम हे बैठका मोजण्याचे माप नव्हे. त्यासाठी एक-दोन-तीन पुरेसे आहे. ज्योतीवर किंवा सूर्यबिंबावर त्राटक, मंत्रदीक्षा घेऊन करावयाच्या क्रिया, गुरूच्या छायाचित्रापुढील ध्यान, हे प्रकार व्यायामाच्या कक्षेत येतच नाहीत. तेथे अनन्यता मोडते.

भिक्षुकांच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि स्मरण या दिनक्रमात देहाची हालचाल मुळातच आहे. रोज कोस-दोन कोस चालणारा, अन्न मागून बेताने खाणारा, वेळेवर झोपणारा भिक्षुक निराळ्या व्यायामाची गरज फारशी भासू देत नाही. आणि जो दिवसाकाठी पन्नास-पाऊणशे दंडवत घालतो त्याने आसनांच्या वर्गाला जाऊन वाकण्याचे शिक्षण घ्यावे, हे थोडे नवलाचेच. अडचण अशी झाली आहे की अटन मोटारीने होऊ लागले, भिक्षेची जागा आश्रमाच्या पाकशाळेने घेतली, आणि मग आखडलेल्या देहासाठी बाहेरून उपाय आणावे लागले. दुखणे आल्यावर उपाय अवश्य करावा, त्यात दोष नाही. पण तरुण, निरोगी भिक्षुकाने पहाटेचा पहिला प्रहर आसनांना देऊन स्मरणाला उरलासुरला वेळ ठेवला, तर देवपूजेचे फूल दारच्या तोरणाला लावल्यासारखे झाले.

वासनिकांचे तसे नाही. त्यांचा दिवस शेतात, दुकानात, कचेरीत जातो. कचेरीतल्यांना बसून बसून दुखणी जडतात. त्यांनी सकाळी अर्धा तास देहाला द्यावा, त्याला औषधासारखे मानावे, आणि त्यानंतर श्वास शांत झालेला असताना, चित्त ताजे असताना, निदान तेवढाच वेळ नामाला आणि एका लीळेला द्यावा. प्राणायामानंतर येणारी स्तब्धता ही झाडलोट केलेल्या अंगणासारखी असते. पुष्कळ जण त्या स्वच्छ अंगणाकडेच पाहत बसतात. तेथे ज्याला आणावयाचे त्याला आणण्याची हीच वेळ.

ज्यांचे पाय आता चालत नाहीत, अटन सुटले, स्थानवंदन सुटले, अशा वृद्ध साधनवंतांची खंत पुष्कळदा ऐकू येते. त्यांच्यासाठी स्थानपोथीचा उपयोग विशेष आहे. जवळच्या कोणी उपदेशीने रोज तिच्यातील एका गावाचा भाग हळूहळू वाचावा. ऐकणाऱ्याने डोळे मिटून त्या वाटेने जावे: रिद्धपूर, पैठण, बेलापूर, डोमेग्राम. जेथे ओटा आला तेथे थांबावे, मनाने दंडवत घालावा, त्या ठिकाणची लीळा आठवावी, मग पुढच्या स्थानाकडे निघावे. वाचणाऱ्याने घाई करू नये. ऐकणारा अजून मागच्या ओट्याजवळच असेल.